कांद्याचा डोळा

नेमबाज काकूंनी जन्मात बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. तीसुद्धा इतकी जुनी, की चोर आलाच असता तर त्याला आधी तिची कीव आली असती. तरीही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काकूंना सगळे नेमबाज म्हणत. त्याला कारण होतं कांदा.

कॅन्टीनच्या मागच्या खोलीत, भांडी घासायच्या मोरीला लागून, एक लांबलचक पत्र्याचं टेबल होतं. त्यावर मधोमध झिजून खोलगट झालेली लाकडी फळी आणि धार लावून लावून पेन्सिलीएवढी बारीक झालेली सुरी. सकाळची पाळी जेवायला येण्याआधी गोण्याच्या गोण्या कांदा त्या फळीवरून जायचा. काकू स्टुलावर बसत, एप्रनच्या नाड्या आवळत, उजवा डोळा गच्च मिटून घेत, मान जराशी कलती करत आणि डावा डोळा टक्क उघडा ठेवून सुरू होत. शेंडा उडवायचा, मुळाकडची बाजू शेवटपर्यंत सोडायची नाही, दोन फाकी, फाकी पालथ्या, आणि मग नुसतं कटकटकट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई समोरच्या भिंतीवरच्या पालीवर नेम धरून बसल्यात. आणि डोळ्यात टिपूस म्हणून नाही.

बाकीच्यांची काय दशा व्हायची ते सांगायलाच नको. मुख्य आचारी एवढा गलेलठ्ठ, मिशाळ, व्यवस्थापकाला तोंडावर उत्तर देणारा. पण पहिला कांदा फुटला की तो कोठारात काहीतरी मोजायला पळायचा. बटाटे सोलणारी बटाटेताई शेजारच्याच स्टुलावर बसायची. ती कधी नाकाला ओला रुमाल बांधायची, कधी दातात काडी धरायची, एकदा तर पोहण्याचा चष्मा घालून आली आणि बटाट्याऐवजी स्वतःचं बोट सोलून बसली.

"काकू, तुम्हाला रडू येत नाही म्हणजे कमालच आहे," ती म्हणायची. "लग्नानंतर सगळं रडून संपवलंत की काय?"

"देणगी असते एकेकाला," काकू म्हणायच्या. "हा माझा कांद्याचा डोळा."

आता ही देणगी कुठून आली तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी काकूंच्या कपाळाच्या डाव्या बाजूला नागीण उठली होती. भुवई, पापणी, डोळा, सगळं सुजून टोमॅटोसारखं झालं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायला एक औषध दिलं, ते फार झोंबायचं. काकूंनी तसं सांगितलं, डॉक्टरांनी ते लगेच बंद केलं. पुढे नागीण बरी झाली, कपाळावर चारदोन वण राहिले, आणि कामावर परत गेल्या त्या दिवशी काकूंना शोध लागला: कांदा उजव्या डोळ्याला पूर्वीसारखाच झोंबतो, डाव्याला मात्र पत्ता नाही. दुसऱ्या एखादीनं हे कुणाला तरी दाखवलं असतं. काकूंनी उजवा डोळा मिटला आणि डाव्याला नोकरीला लावलं.

शिवाय एक गोष्ट मुळातच होती. "मला काही होत नाही" हे काकूंचं आवडतं वाक्य. दाढ उपटली तेव्हाही तेच, जिन्यावरून घसरल्या तेव्हाही तेच. बोट दारात सापडलं तर दाराला लागलं का ते आधी पाहणाऱ्या त्या. अशा बाईला न दुखणारा डोळा मिळाला, म्हणजे उतारावर गाडीच मिळाली म्हणायची.

घरी काका. हे काका एका शाळेत शिपाई होते आणि नोकरीभर त्यांनी तास भरल्याचे टोल दिले. निवृत्त झाले तेव्हा शाळेत विजेची घंटा आली होती, म्हणून निरोपसमारंभात जुनी पितळी तबकडी आणि लाकडी दांडकं त्यांनाच देऊन टाकलं. काकांनी ती तबकडी गॅलरीत टांगली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी प्रार्थनेचा टोल दिला. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या कमिटीची बैठक झाली. तेव्हापासून तबकडीवर टॉवेल वाळत असे. पण टोलकाका हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

काकांचा दुसरा गुण म्हणजे शब्द. काकूंना दिलेला शब्द म्हणजे लावलेलं कुलूप. लग्नात काकूंनी आपलं खरं वय कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं. पुढे जनगणनेचा माणूस आला तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला, पंखा लावून दिला आणि "माहीत नाही" असं सांगून वाटेला लावलं.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकू वर्तमानपत्र वाचत होत्या आणि काका त्यांच्याकडे बघत होते.

"तुझ्या डाव्या डोळ्यात मिठाचा खडा गेलाय," काका म्हणाले.

"काहीतरीच. मला कळलं नसतं का?"

"अगं, दिसतोय ना पांढरा. थांब, हलू नकोस."

काकांनी रुमालाचं टोक पिळून सुईसारखं केलं आणि डोळ्याच्या काळ्या भागावरचा तो खडा टिपायला गेले. खडा निघेना. त्यांनी पुन्हा टिपला. काकू आपल्या बोलतच होत्या, की कारखान्यात म्हणे आता कांदे चिरायचं यंत्र आणणार आहेत आणि यंत्राला काय कळतंय मुळाची बाजू शेवटी ठेवायची असते ते. रुमालाचं टोक बुबुळावर घासलं जात होतं आणि पापणीसुद्धा लवत नव्हती. काकांचा हात थांबला. त्यांनी रुमाल खिशात घातला, चपला पायात घातल्या आणि म्हणाले, "उद्या कॅन्टीन नाही. डॉक्टर."

"मला काही होत नाहीये."

"तेच तर," काका म्हणाले. तेव्हा रविवार होता आणि दवाखाना बंद होता, तरी त्यांनी चपला काढल्या नाहीत. संध्याकाळभर तसेच घरात फिरले.

डोळ्यांची डॉक्टरीण वयानं काकूंच्या मुलीएवढी. तिनं कापसाची बारीक वात केली आणि आधी उजव्या डोळ्याला टोकवली. काकूंनी डोळा मिटला आणि तोंडातून एक शब्द काढला जो कॅन्टीनमध्ये चालतो, दवाखान्यात चालत नाही. मग तिनं तीच वात डाव्या डोळ्याला लावली. काकू तिच्या पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसल्या.

"लावा की," त्या म्हणाल्या.

"लावली काकू. दोनदा लावली."

डॉक्टरबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बुबुळावर काचेसारखा पडदा असतो ना, त्यात बारीक नसांचं दाट जाळं असतं. अंगात दुसरीकडे कुठे नसेल इतकं दाट. नागिणीनं तुमच्या डाव्या डोळ्याच्या त्या नसा मारल्या. म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून पापणी वेळेवर लवत नाही, पाणी येत नाही, पडदा कोरडा पडतो, फाटतो, आणि फाटलेला भरून येत नाही. तो मिठाचा खडा नाही, जखम आहे. आणि त्यात तुम्ही रोज याच डोळ्याला कांद्यासमोर बसवताय."

काकूंनी डाव्या पापणीला बोट लावून पाहिलं.

"म्हणजे पहारेकरी मेला," त्या म्हणाल्या, "आणि मी म्हणतेय, हल्ली आरडाओरडा नाही, काय छान झोप लागते."

"अगदी तसंच."

"डोळा जाईल?"

"नाही सांभाळला तर जाऊ शकतो. पण एक औषध आहे." मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. आपल्याच शरीरात एक पदार्थ तयार होतो, त्याच्या जोरावर नसा जगतात आणि वाढतात. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर असं त्याचं नाव. नसेच्या टोकावर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तो त्या जागेवर जाऊन बसला की नसेला आतून निरोप पोचतो: जग, वाढ, पुढे सरक. आता हाच पदार्थ प्रयोगशाळेत बनवून त्याचे डोळ्यात घालायचे थेंब केलेत.

"पण गंमत अशी," त्या म्हणाल्या, "की नसेवर दुसऱ्या जातीचीही जागा असते. तिथून कधी कधी अगदी उलटा निरोप जातो, की बास, आता आवरा."

इतका वेळ कोपऱ्यात बसलेले काका एकदम सावरून बसले. "म्हणजे आमचा टोलच की. पितळ तेच, दांडकं तेच. सकाळी दिला की पोरं आत, संध्याकाळी दिला की बाहेर. टोल कुठे पोचला त्यावर सगळं."

डॉक्टरबाई हसल्या. "काका, हे मी पुढच्या पेशंटला सांगणार."

झालं. कौतुक पचवायची सवय नसलेल्या माणसाचं कौतुक करू नये. काकांनी लगेच पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. "मग यातलेच दोन थेंब इथे घालता येतील का? जिना चढताना फार ठणकतो."

"अजिबात नको. सुजलेल्या गुडघ्यात हाच पदार्थ गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. तिथे तोच नसांना चेतवून चेतवून दुखवतो."

"म्हणजे यांच्या गुडघ्यात सुकाळ आणि माझ्या डोळ्यात दुष्काळ," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात वाटणी कधी धड झालीच नाही."

"गुडघ्यात त्याला अडवणारी औषधंही करून पाहिलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखणं कमी झालं. पण काही जणांचे सांधे उलट भराभर झिजले. का, ते पुरतं कळलेलं नाही. एक अंदाज असा की दुखायचं थांबलं की माणूस जपून चालत नाही."

हे वाक्य काकूंनी ऐकलं आणि सोडून दिलं. काकांनी मात्र पँटचा पाय खाली घेता घेता ते मनात ठेवून दिलं.

थेंब रुग्णालयाच्या एका योजनेतून मिळाले. अट अशी की औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, दिवसभर दर दोन तासांनी एक थेंब, एकही चुकवायचा नाही, आणि हे दोन महिने. कांदा बंद, कॅन्टीन बंद, बाहेर पडताना चष्मा. निघताना नर्सनं बजावलं, "खूप आग झाली, दुखलं, तर लगेच कळवा हं. औषध थांबवून बघावं लागतं कधी कधी."

या एका वाक्यानं पुढचा सगळा घोळ घातला.

घरी फ्रिजमधल्या दुधाला आणि लोण्याला खालच्या कप्प्यात हलवण्यात आलं आणि वरचा कप्पा औषधाला मिळाला. वेळ पाळायची जबाबदारी काकांकडे आली. काका त्याच दुपारी कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष तळमजल्यावर राहत, सायकलींचं दुकान चालवत, आणि टोलाचे जुने शत्रू होते.

"वैद्यकीय कारण आहे," काका म्हणाले.

"गजराचं घड्याळ नाही का घरात?"

"गजर मला उठवतो. तिला स्वयंपाकघरातून उठवायला टोलच लागतो."

परवानगी मिळाली, फक्त थेंबांपुरती आणि एकच टोल. टॉवेल निघाला, तबकडी चिंचेनं घासून लख्ख झाली, आणि दर दोन तासांनी इमारतीत एक गंभीर ठण्ण होऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेनं त्यावर दूध तापवायची वेळ बसवली. अध्यक्षांची आई त्यावर डुलकी मोडायची. खुद्द अध्यक्ष आधी कपाळाला हात लावायचे, पण एकदा काकांना शिंकांमुळे उशीर झाला, तेव्हा तेच जिन्यातून ओरडले, "अहो, टोलाचं काय झालं?"

काकू खुर्चीत मान टाकून बसत, काका हातभर लांबून थेंब धरत आणि काकू म्हणत, "डोळ्यात घाला हो, कानात नको." जखम हळूहळू लहान होऊ लागली. दर आठवड्याला डॉक्टरबाई मशीनमधून बघत आणि म्हणत, "भरतेय." मग त्या एक पातळ नायलॉनचा धागा काढत, त्याचं टोक डोळ्याला हलकेच लावत आणि विचारत, "काही कळतंय?"

"काही नाही," काकू म्हणत. तेव्हा ते खरं होतं.

साधारण महिना उलटला आणि एका सकाळच्या थेंबाला डाव्या डोळ्यात काहीतरी हललं. मुंगी चालल्यासारखं. दोन दिवसांनी मुंगीला दात आले. पुढे थेंब पडला की टोचायचं, वारा लागला की चुरचुरायचं, आणि काकू खुर्चीचे हात घट्ट धरून छताकडे बघत बसायच्या.

"ठीक?" काका विचारायचे.

"मला काय होतंय."

काकूंचं गणित सरळ होतं. मागच्या वेळी झोंबतं म्हणून सांगितलं, औषध गेलं, आणि पाठोपाठ डोळ्याची ही दशा झाली. नर्सनंही तेच सांगितलं होतं: आग झाली की थांबवू. म्हणजे बोललं की थेंब बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की डोळ्याला पुन्हा कळायला लागलं पाहिजे, पण काकूंच्या कल्पनेत ते कळणं म्हणजे काहीतरी मऊ, सुखाचं, आईनं डोळ्यावरून हात फिरवल्यासारखं होतं. हे टोचणं म्हणजे औषधाचा खोडसाळपणा, आणि तो सोसायचा असतो. सोसण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणून धाग्याचं टोक डोळ्याला लागलं आणि कुसळासारखं बोचलं, तेव्हा काकूंनी श्वास रोखला, पापणीला दम दिला आणि म्हणाल्या, "काही नाही."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. काकूंना वाटलं, हिला संशय आला. पुढच्या वेळी त्यांनी पापणीला आणखी कडक दम दिला. डॉक्टरबाईंचा चेहरा आणखी उतरला.

"काकू, जखम मिटत आलीय," त्या म्हणाल्या, "पण डोळ्याला अजून कळत नसेल तर थेंब संपल्यावर ती पुन्हा उघडणार. तोवर डोळा उघडा ठेवणं धोक्याचं आहे. तीन दिवसांनी या, आपण पापण्यांचा बाहेरचा कोपरा शिवून घेऊ. डोळा अर्धा झाकलेला राहील. दिसेल, पण कमी."

काकूंनी मान हलवली. घरी येताना बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईनं त्यांच्या पायावर पिशवी ठेवली तरी त्यांनी तिला काही सुनावलं नाही. काका घाबरले ते यानंच.

दुसऱ्या दिवशी बटाटेताई भेटायला आली. तिच्याकडे बातम्यांची पोतडीच होती. कांद्याचं यंत्र आलं होतं आणि कांद्याचा चिखल करत होतं. मुख्य आचाऱ्यानं स्वतः सुरी हातात घेतली, तर तो इतका रडला की कामगारांना वाटलं याची बदली झाली, आणि त्यांनी त्याच्यासाठी वर्गणीही काढली.

"काकू, तुम्ही आलात की आधी तुमचा तो डोळा मला विका."

"अर्धाच राहणार आहे," काकू म्हणाल्या. "परवा शिवतायत."

बटाटेताई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि काहीही न विचारता घासायला ठेवलेली भांडी घासून निघून गेली.

संध्याकाळी काका स्वयंपाकाला लागले. हल्ली चूल त्यांच्याकडे होती आणि त्यांनी चिरलेला कांदा म्हणजे कुणाचा अर्धा, कुणाचा चतकोर, जणू भावकीतली जमीन. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना ते बघवेना.

"अहो, मुळाकडून का सुरुवात केलीत? तिथेच तर सगळा जहालपणा असतो. पालथा ठेवा तो. सुरी ओढायची नाही, ढकलायची."

सांगता सांगता त्या टेबलाशी येऊन बसल्या, आणि कांदा समोर आला की जे होत आलं तेच झालं: उजवा डोळा आपोआप मिटला, मान कलली. डावा टक्क उघडा.

आणि डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं. गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून टेबलावर. काकू पुसायला विसरल्या. काकांच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"अगं, लागलं का? मी लांब नेतो कांदा. चुकलंच माझं."

"झोंबतंय," काकू म्हणाल्या. मागच्या त्या औषधानंतर हा शब्द काकांनी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "आजचं नाही. केव्हापासून झोंबतंय. थेंबाला झोंबतं, वाऱ्याला झोंबतं, ती धागा लावते तेव्हा तर कुसळ गेल्यासारखं होतं."

"आणि तू तिला सांगतेस काही नाही म्हणून?"

"सांगितलं तर थेंब बंद करतील. उरलेत त्या थेंबांनी काही झालं तर होईल. तुम्ही तिच्याकडे एक अक्षर बोलायचं नाही. शब्द द्या."

काकांनी शब्द दिला. द्यायची सवयच होती. पण तो देऊन झाल्यावर ते गॅलरीत जाऊन बसले आणि तबकडीकडे बघत राहिले. पहारेकरी मेला, असं हीच म्हणाली होती. दुखायचं थांबलं की माणूस जपून चालत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आता पहारेकरी उठून बसलाय, ओरडतोय, आणि ही त्याचं तोंड दाबून धरतेय. वाजणारा टोल हातानं धरावा तसं. धरला की पितळ मुकं होतं आणि सगळ्या शाळेला वाटतं, अजून तास सुरू आहे.

पण कुलूप लागलं होतं.

परवा उजाडला. दवाखान्यात निघताना काकांच्या हातात जेवणाचा डबा होता. काकूंनी विचारलं, "हे कशाला?" काकांनी पोटावरून हात फिरवला. ते सकाळपासून बोलतच नव्हते. काकूंना वाटलं, शिवणार म्हणून घाबरलेत.

डॉक्टरबाईंनी धागा काढला, लावला, विचारलं. काकूंनी श्वास रोखला. "काही नाही."

"बरं." डॉक्टरबाईंनी कागद ओढला आणि त्यावर डोळ्याचं चित्र काढून टाका कुठे येईल ते दाखवू लागल्या. तेवढ्यात काका उठले. त्यांनी डबा टेबलावर, चित्राच्या बरोबर वर ठेवला आणि झाकण काढलं. आत सकाळीच चिरलेला, जाडाभरडा, मुळासकट ठेचलेला ताजा कांदा काठोकाठ भरला होता. इतका वेळ कोंडून ठेवलेला दर्प एकदम बाहेर आला.

"काका, हे काय," असं म्हणताना डॉक्टरबाईंच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागली. दारातली नर्स शिंकत बाहेर गेली. काकांनी एक हात तोंडावर ठेवला, आपण बोलत नाही हे दाखवायला, आणि दुसऱ्या हातानं डबा काकूंच्या नाकाशी सरकवला.

बाकी सवयीनं केलं. काकूंचा उजवा डोळा मिटला, मान कलली, डावा उघडा राहिला, आणि डाव्याला पूर आला. काकूंनी पापणीला दम दिला. पापणीनं जुमानलं नाही. ती फडफडली, मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

डॉक्टरबाई नाकाला रुमाल लावून बघतच राहिल्या. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"काकू."

काकूंनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत."

"एक अक्षर नाही," काका म्हणाले. "डॉक्टरबाई साक्षीला आहेत."

मग सगळं बाहेर आलं: मुंगी, कुसळ, वारा, तीन वर्षांपूर्वीचं औषध, नर्सचं बोलणं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, खिडकी उघडली, डबा बाहेरच्या कठड्यावर ठेवला.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "कळायला लागेल तेव्हा कसं लागेल, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. नस पुन्हा जागी होते तेव्हा ती आधी कुरकुरत उठते. थोडं टोचलं, चुरचुरलं तर ती तिचीच हाक असते. फार दुखलं तर औषधाचा त्रास असू शकतो, म्हणून नर्स म्हणाली ते बरोबर आहे. पण दोन्हींपैकी काय आहे ते मला तुम्ही बोलल्याशिवाय कसं कळणार? आता धागा लावते. खरं सांगायचं."

"कळतंय," काकू म्हणाल्या.

"आता?"

"हेही."

"आणि आता?"

"पोरी, आता टोचतंय, काढ."

डॉक्टरबाईंनी धागा ठेवला आणि ते डोळ्याचं चित्र उलटं करून बाजूला सारलं. "सगळं परत आलेलं नाही. उजव्याइतकं कदाचित येणारही नाही. पण पहारेकरी उठलाय. शिवायचं नाही, आत्ता तरी नाही. थेंब पूर्ण करायचे." त्या डोळे पुसत होत्या. कांद्यामुळे, असं त्यांचं म्हणणं पडलं. खिडकी तर केव्हाची उघडी होती.

थेंब संपले. जखम मिटलेलीच राहिली, फक्त जिथे ती होती तिथे डोळ्यात किंचित धूसर डाग उरला आहे, उन्हात वाचताना काकूंना तो आडवा येतो. पुढे डॉक्टरबाईंच्या परवानगीनं त्या कॅन्टीनला परत गेल्या, पण कडेनं घट्ट बसणारा मोठा चष्मा घालून. दोन्ही डोळे उघडे ठेवून कांदा चिरताना त्यांना कळलं, की आपण इतकी वर्षं फाकी एका बाजूला जाड करत होतो. कुणी बोललं कसं नाही, म्हणून त्यांनी मुख्य आचाऱ्याला फैलावर घेतलं. तो कोठारात पळाला. नाव मात्र नेमबाजच राहिलं. एकदा लागलेलं नाव कांद्याच्या वासासारखं, हात धुऊन जात नाही.

आणि मुख्य फरक असा, की "मला काही होत नाही" हे वाक्य घरातून गेलं. त्याच्या जागी जे आलं त्यानं सगळा मजला हैराण आहे. पाठ दुखते, खुर्ची टोचते, चहा जास्त गरम आहे, चपलेचा अंगठा लागतो. इतक्या वर्षांचं राहिलेलं काकू एकदम बोलून घेतायत. काका सगळं ऐकतात, जिना चढताना स्वतःच्या गुडघ्याला दोन शिव्या देतात, आणि बाकी मजेत आहेत.

परवाच संध्याकाळी काकू गॅलरीजवळ बसल्या होत्या. वारा सुटला.

"अहो, डाव्या डोळ्याला वारा बोचतोय. खिडकी लावा बघू."

"लावतो," काका म्हणाले, आणि खिडकीकडे जाण्याआधी त्यांनी टॉवेल बाजूला करून दांडकं उचललं. ठण्ण.

दोन मिनिटांत अध्यक्ष धापा टाकत वर आले. "थेंब संपले ना? परवानगी थेंबांपुरतीच होती."

"तक्रार आलीय," काका म्हणाले.

"कुणाची?"

काकांनी आत बोट दाखवलं. काकू डोळा चोळत होत्या आणि खिडकी अजून कशी लागली नाही ते विचारत होत्या. अध्यक्षांनी आत पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि जिना उतरायला लागले. अर्ध्यात थांबून म्हणाले, "एकच. दुसरा वाजला तर बैठक बोलवीन."